विचित्र म्हणजे नक्की कसं

प्रुफांचा गठ्ठा आला तेव्हा ती नेहमीसारखी चष्मा पुसून, लाल पेनाचं टोपण मागे खोचून बसली, आणि दुसऱ्याच पानावर 'ऑड' या शब्दाखालचं वाक्य वाचून तिचं पेन हवेतच राहिलं. वर इंग्रजी वाक्य होतं, खाली त्याचं मराठी: 'काही कारण नसताना तिने सोन्यासारख्या नवऱ्याला सोडले, बाई जरा विचित्रच आहे.' तिनं ते पुन्हा वाचलं. मग खिडकीकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग परत वाक्याकडे. वाक्य जागचं हललं नव्हतं. या कचेरीत इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम चाले, आणि तिला सगळे कोशबाई म्हणत, कारण संपादक बदलले, जागा बदलली, टेबलं बदलली, पण ही आपली कोशाला चिकटून राहिली. सध्याच्या संपादकांचा एक नियम होता आणि त्यावर ते स्वतःच फार खूश असत: उदाहरणाचं वाक्य खरं हवं, मात्र त्यातला माणूस ओळखू येता कामा नये. 'मुलगा फळ खातो' असली वाक्यं त्यांना खपत नसत. म्हणायचे, "कोणता मुलगा? मला दाखवा, मग घेतो." त्यामुळे कोश करणाऱ्यांची आयुष्यं हळूहळू कोशातच जाऊन बसली होती. शिपायाची उशिरा येण्याची खोड 'हॅबिच्युअल'खाली होती, हिशेबनिसाची पाठदुखी 'क्रॉनिक'खाली, आणि खुद्द संपादकांच्या जावयाची फुशारकी 'बोस्ट'खाली. ती त्यांनी स्वतः वाचून, 'छान, अगदी जिवंत' असा शेरा मारून पास केली होती. कोशबाईनंही आजवर कुणाकुणाला असं बसवलं होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं. तिची पाळी आली होती, एवढंच.

गंमत म्हणजे तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की शब्द चुकलाय. इथे 'ऑड' बसत नाही. 'ऑड' म्हणजे जोड्या लावून झाल्यावर उरलेलं. मोजे धुतले, वाळवले, जोड्या लावल्या आणि एक उरला, तो ऑड. त्या मोज्यात स्वतःत काही वावगं नसतं; कुणीतरी त्याची जोडी शोधलेली असते आणि ती सापडलेली नसते. तिची जोडी तर चांगली सापडलेली होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हे सगळं तिनं शांतपणे, शिकवल्यासारखं मनात म्हणून घेतलं आणि मगच राग आला. बाई म्हणे विचित्रच आहे. त्यातला तो 'च' तर तिला जास्तच झोंबला. वाक्य कुणाचं ते तिला हस्ताक्षर न बघताही कळलं. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी, जी रोज न चुकता तिच्या चहात साखर कमी आहे ना हे बघायची, तिचं. वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. नेमकी ती आज रजेवर होती.

आणि हा सगळा घोळ मुळात 'विचित्र' या एका शब्दाचा होता. गेले कित्येक दिवस तिच्या टेबलावर त्याच जातीचे शब्द पडून होते. संपादक येता-जाता म्हणायचे, "बाई, ते लचांड एकदाचं मिटवा हो. सगळ्यांना विचित्र लावा आणि पुढे चला. वाचकाला काय फरक पडतो?" फरक पडत नाही, हे म्हणणं तिला वाचकाचाही अपमान वाटे. स्ट्रेंज म्हणजे बाहेरून आलेला, दाराशी उभा असलेला, अजून ज्याला कुणी 'या' म्हटलेलं नाही. उद्या ओळख झाली की तो स्ट्रेंज राहत नाही. त्या शब्दाला निदान उद्या आहे. क्वेंट म्हणजे निरुपद्रवी आणि गोड, लांबच्या मावशीनं मोडक्या छत्र्या जमवाव्यात तसं. लोक हसतात आणि मावशीला अजून एक छत्री आणून देतात. एक्सेंट्रिक म्हणजे मधला बिंदू सोडून फिरणारा, पण हा मान फक्त पैसेवाल्यांना मिळतो, गरिबानं तेच केलं तर त्याला सरळ वेडा म्हणतात. वीअर्डमध्ये कधीकाळी नशिबाचा वास होता, आता शाळेतली पोरं वाट्टेल त्याला तो चिकटवतात. अनकॅनी म्हणजे जे अगदी ओळखीचं आहे आणि तरी अंगावर काटा आणतं. आणि तिच्या सगळ्यात आवडीचा पिक्यूलिअर. तो मुळात लॅटिनमधल्या गुराढोरांच्या घरचा. गुरं म्हणजे मालमत्ता, म्हणून स्वतःच्या मालकीची चीज, म्हणून एखाद्याचं अगदी खास स्वतःचं, आणि मग ते इतरांच्या डोळ्यांत खुपायला लागलं तेव्हा विचित्र. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या शब्दाला आपण दारातच विचित्र म्हणून हाकलायचं, हे तिच्या जिवावर येई. तिनं 'ऑड'च्या पानावर काहीच खूण केली नाही. पान उलटं करून ठेवलं आणि दादाचा फोन आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो फोनवर नेहमी आधी हवापाण्याचं बोलतो. आज बोलला नाही, तेव्हाच तिनं ओळखलं. "रविवारी सकाळी ये. मुलाचे आईवडील यायचेत. सगळं जवळजवळ ठरल्यातच जमा आहे," तो म्हणाला. मुलगा म्हणजे तिच्या मुलीनं स्वतः पसंत केलेला मुलगा. "येईन की," ती म्हणाली. "आणि हे बघ," दादाचा आवाज खाली आला, "त्यांनी तुझं विचारलं. विचारणारच. तर आम्ही सांगितलंय की तुला तेव्हा बरं नव्हतं." "काय बरं नव्हतं?" "अगं, म्हणजे मनाचं. नैराश्य वगैरे. उपचार चालले होते, डॉक्टर म्हणाले शांत राहा, म्हणून वेगळी राहिलीस. आता ठीक आहेस. एवढंच." "हे कुणी ठरवलं?" "सगळ्यांनी मिळून." "सगळ्यांत मी होते का?" "तुला विचारलं असतं तर तू फाटे फोडले असतेस," दादा म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तो पुढे जरा मऊ होऊन म्हणाला, "पोरीकडे बघ गं. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुझी हौस झाली आता." फोन ठेवल्यावर हौस हा शब्द तिच्या डोक्यात माशीसारखा फिरत राहिला.

सोन्यासारखा होता नवरा, त्यात वादच नाही. दारू नाही, बाई नाही, आवाज चढवणं नाही. लोक तिला विचारून विचारून थकले की त्यानं केलं तरी काय, आणि तिनं खरं सांगितलं की काही नाही. तो तिला ओळखत होता, एवढंच. इतकं ओळखत होता की तिला स्वतःला काही सांगायची गरजच उरली नव्हती. दुकानात गेलं की तो म्हणे, "हिला निळा स्वेटर दाखवा," आणि तिला निळाच हवा असे. डॉक्टरांकडे, "हिचं डोकं दुखतंय, डाव्या बाजूनं," आणि खरोखर डावी बाजूच ठणकत असे. मैत्रिणींचं बोलावणं आलं तर, "ती नाही यायची, तिला गर्दी सोसत नाही," आणि ते कळल्यावर तिला हायसं वाटे. मैत्रिणी म्हणायच्या, किती नशीबवान आहेस, आमच्याकडे बघ, वाढदिवससुद्धा आठवण करून द्यावा लागतो. एकदा तिनं मुद्दाम तपकिरी स्वेटर घेतला. तो हसला, वाद घातला नाही, आणि काही दिवसांनी गुपचूप जाऊन निळा बदलून आणला. निळा अंगात घातल्यावर तिला खरंच बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. त्यानंतर घरात तिला सारखं असं व्हायला लागलं की कुणी काही विचारलं आणि ती तोंड उघडणार, एवढ्यात तिच्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं आहे आणि ते उत्तर देतंय. स्वयंपाकघरात, गॅलरीत, दिवाणावर, सगळीकडे ती पोचायच्या आधी त्यानं ओळखलेली ती हजर असायची. एका दुपारी तिनं धीर करून त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं वर्तमानपत्र बाजूला ठेवून, मध्ये एकदाही न बोलता, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "मला माहीत होतं, तू एक दिवस असं काहीतरी बोलशील." तिनं बॅग भरली तेव्हा त्यानं तिला कपाटावरची मोठी बॅग काढून दिली, कारण लहान बॅगेत तिचं भागणार नाही हेही त्याला माहीत होतं.

मुलगी तेव्हा सातवीत होती. "चल माझ्याबरोबर," असं ती मुलीला म्हणाली होती, आणि मुलगी दारात उभी राहून म्हणाली होती, "माझी खोली इथे आहे." ते उत्तर इतकं बरोबर होतं की तिनं पुन्हा विचारलं नाही. मग रविवार ठरले. मुलगी यायची, आईच्या एकुलत्या एक खाटेवर आडवी पडून पुस्तक वाचायची, जेवायची, संध्याकाळी जायची. का सोडलंस, हे तिनं कधी विचारलं नाही. बाकीच्यांनी तिला आपापली उत्तरं देऊन ठेवली होती, तेव्हा आता विचारायचं तरी काय, असं कोशबाईला वाटे. आणि खरं सांगायचं तर न विचारल्याचं तिला बरंच वाटे.

आज मात्र वार रविवार नसताना मुलगी थेट कचेरीत आली, ती सुटायच्या वेळी, कपड्यांना दवाखान्याचा वास घेऊन. हाडांच्या दवाखान्यात ती लोकांना व्यायाम शिकवायची, त्यामुळे तिच्या बोलण्यातही एक प्रकारचा 'पाय उचला, खाली ठेवा' असा सरळपणा आला होता. "मामाचा फोन आला ना?" तिनं बसता बसता विचारलं. "आला." "मग?" "मला बरं नव्हतं म्हणे." मुलगी हसली नाही. म्हणाली, "आई, एका वाक्याचा तर प्रश्न आहे. आजाराला आता कुणी नावं ठेवत नाही." "आणि इच्छेला?" "इच्छेला ठेवतात," मुलगी लगेच म्हणाली. कोशबाईला क्षणभर तिचं कौतुकच वाटलं. इतकं नेमकं उत्तर कचेरीत कुणाला सुचलं नसतं. "त्याची आई चांगली आहे गं, पण सरळ बाई आहे. तिला कारण लागतं. चांगल्या माणसाला उगीच सोडून गेलेल्या बाईची मुलगी म्हटलं की तिला वाटणार, ही पण उद्या उठेल आणि जाईल. आजार म्हटलं की प्रश्न मिटतो." "मला आजार नव्हता." "माहितीय." "मग?" मुलीनं पायातले बूट काढले, पुन्हा घातले. मग खाली बघत म्हणाली, "माझ्यासाठी तू आजवर काय केलंस असं मी कधी म्हटलं नाही. आता म्हणते. हे एवढं कर." कोशबाई "बघते" म्हणाली. बघते म्हणजे हो, असा मुलीनं अर्थ घेतला आणि जाताना बऱ्याच दिवसांनी आईच्या खांद्यावर हात ठेवून गेली. त्या हातासाठी कुठलंही वाक्य बोलावं असं कोशबाईला वाटलं. खरंच वाटलं.

रात्री घरी तिनं आरशासमोर बोलूनही बघितलं. माझी तब्येत बरी नव्हती तेव्हा. आवाज आपोआप बारीक झाला, खांदे पडले, चेहऱ्यावर एक शहाणा थकवा आला, आणि आरशातली बाई इतकी सोसलेली, इतकी क्षमा करण्याजोगी दिसायला लागली की कोशबाईला तिची चीड आली. काय सोय होती. एक वाक्य बोललं की वर्षानुवर्षांचं 'का' मिटत होतं. वहिनी पुन्हा तोंडदेखली सहानुभूती दाखवणार, शेजारचे मान हलवणार, अरेरे, म्हणून होय. तिचं घर सोडणं हे तिनं केलेलं काही राहणार नव्हतं, तिला झालेलं काहीतरी होणार होतं, गोवरासारखं. आणि ज्यांना खरंच झालेलं असतं त्यांचं काय? कचेरीतल्या टंकलेखिकेला झालं होतं. त्या बाईला सकाळी कंगवा उचलवत नसे. कोशबाई तिच्या घरी जाऊन तिचे केस विंचरून देत होती, आणि ती भिंतीकडे बघत बसे. ते दुखणं तिनं जवळून पाहिलं होतं. ते उसनं घेऊन पाहुण्यांसमोर मिरवायचं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर हसण्यासारखं होतं. आणि ती स्वतः? घर सोडलं त्या दिवशी ती इतकी ठणठणीत होती की मोठी बॅग एकटीनं जिन्यावरून खाली आणली होती. वाटेत थांबून एका टपरीवर चहा घेतला होता आणि चहावाल्यानं "साखर?" असं विचारल्यावर उत्तर द्यायला बाजूला कुणीच नव्हतं. ती बराच वेळ उत्तरच देऊ शकली नव्हती. चहावाला वैतागला होता. आयुष्यात तिला तेवढं बरं क्वचितच वाटलं होतं.

शनिवारी नवी मुलगी कामावर आली. कोशबाईनं 'ऑड'चं पान तिच्यासमोर ठेवलं. मुलीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "ते तुमच्यावरून नव्हतं हो बाई, खरंच, आमच्या ओळखीत एक..." "माझ्यावरूनच होतं," कोशबाई म्हणाली, "आणि असू दे. वाक्य खरं हवं असा नियम आहे. म्हणून त्यातलं खोटं तेवढं काढलंय." पानावर लाल रेघ एकाच ठिकाणी होती. 'काही कारण नसताना' हे शब्द तिनं खोडले होते. नव्या मुलीनं त्या रेघेवर बोट ठेवलं. "मग राहिलं काय?" तिनं दबकत विचारलं. "तिने सोन्यासारख्या नवऱ्याला सोडले, हे राहिलं. ते खरंच आहे. आणि ऑडखाली नको, पिक्यूलिअरखाली घे, म्हणजे 'विचित्रच'च्या जागी 'आपल्याच तऱ्हेची' येईल." एवढ्यात संपादक आलेच. दहा शब्दांचे दहा वेगळे अर्थ, त्याखाली दहा वाक्यं, हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, एवढी जागा कुठून आणू? पुन्हा तेच. अहो, विचित्र म्हटलं की माणसाला कळतं." "काय कळतं?" तिनं विचारलं. "कळतं म्हणजे... विचित्र आहे हे कळतं." "म्हणजे पुढे विचारायला नको, हे कळतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शिपाई दारात थबकला. "सर, हा शब्द आपण अर्थ सांगायला वापरत नाही. तोंड बंद करायला वापरतो. जागा कमी पडत असेल तर माझी प्रस्तावनेतली आभाराची ओळ काढा. सगळ्यांना विचित्र लावणं, हे एक मी करणार नाही." संपादकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ठीक आहे, ठेवा," ते म्हणाले, "पण वीअर्ड आणि अनकॅनी तरी थोडक्यात आटपा." तेवढं तिनं मान्य केलं.

रविवारी दादाच्या दिवाणखान्यात शेजारून आणलेल्या दोन खुर्च्या धरून सगळे कसेबसे मावले होते. वहिनी कपबशा मांडत होती आणि प्रत्येक बशी ठेवताना कोशबाईकडे एक नजर टाकत होती, सांभाळ हं, अशी. नवरा आधीच आला होता. केस पांढरे झाले होते, बाकी तो तसाच होता. तिला पाहून उठला आणि म्हणाला, "तू इकडे बस, तिथे पंखा अंगावर येतो, तुला सोसत नाही." पंखा तिला सोसत नसे. ती तिथेच पंख्याखाली बसली आणि लगेच तिला शिंक आली. मुलगा किल्ल्यांशी चाळा करत बसला होता, त्याचे वडील गप्प होते, आणि त्याची आई समोरच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिचं औषधांचं दुकान होतं, असं दादानं आधी सांगितलं होतं, पण त्याचा पुढचा परिणाम दादाच्या लक्षात आलेला नव्हता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती बाई आपुलकीनं पुढे वाकून म्हणाली, "आता तब्येत कशी तुमची? आमच्या दुकानात बरेच जण येतात हो, मी समजू शकते. कोणत्या गोळ्या होत्या तुम्हाला?"

मुलीनं आईकडे बघितलं, आणि त्या बघण्यात विनंती होती, धमकी होती, आणि खूप जुनं असं काहीतरी होतं जे कोशबाईला सहन झालं नाही. तिनं तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. कदाचित ती आरशातलंच बोलली असती. पण तिच्या आधी नवरा बोलला. अगदी मायेनं, सवयीनं, जसा तो नेहमी बोलायचा. "आता गोळ्या बंद आहेत. तेव्हा फार त्रास झाला तिला. झोप उडाली होती. आता बरी आहे ती."

राग येईल म्हणून ती थांबली, पण आला तो आनंद. चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याबद्दल चुकीचं बोलला होता. मुद्दाम असेल, दयेपोटी असेल, मुलीसाठी असेल, पण त्यानं सांगितलेली ती झोप उडालेली बाई ती नव्हती, आणि हे या खोलीत फक्त तिलाच पुरतं माहीत होतं. ती ताठ बसली.

"नाही," ती म्हणाली. "मला काही झालं नव्हतं. गोळ्या नव्हत्या, डॉक्टर नव्हते. झोप चांगली लागत होती."

"अगं," दादा म्हणाला.

"हे फार चांगले आहेत," ती नवऱ्याकडे हात करून त्या बाईला म्हणाली, "त्यांची काही चूक नाही. मला त्यांच्याबरोबर राहायचं नव्हतं. म्हणून मी गेले. मुलीला सोडून गेले, त्याचं मला वाईट वाटतं. गेल्याचं वाटत नाही."

त्या बाईनं पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "पण काहीतरी कारण असेलच ना," ती म्हणाली.

"होतं. तुम्हाला ते पुरलं नसतं."

मग सगळे मुलीकडे वळले. मुलगी मान खाली घालून बसली होती. "तिला धक्का बसलाय," तिचे बाबा म्हणाले. आणि त्याच वेळी मुलगाही म्हणाला, "तिला आत्ता हे बोलायचं नसेल, आपण नंतर..." दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले आणि दोघेही थांबले.

"मला काय झालंय ते मी सांगते," मुलगी म्हणाली. तिनं मान वर केली. डोळे भरले होते पण आवाज दवाखान्यातला होता. "आई आजारी नव्हती. तिनं तसं म्हणावं असं मीच तिला सांगितलं होतं. बाबा आत्ता बोलले ते माझ्यासाठी खोटं बोलले. मला आईचा राग आहे, आजही आहे, आत्ता तर फारच आहे. पण ती आजारी नव्हती." मग ती मुलाच्या आईला म्हणाली, "तुम्हाला विचार करायचा असेल तर करा. मी पण करीन."

त्या बाईनं मांडीवरची पर्स खाली ठेवली. "लागेल थोडा वेळ," ती म्हणाली. त्यात गोडवा नव्हता, पण कडूपणाही नव्हता. वहिनीनं चहा पुढे केला आणि सगळ्यांनी तो निमूटपणे घेतला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

कोशबाई सगळ्यांच्या आधी निघाली. दादानं दारापर्यंत येऊन फक्त "झालं समाधान?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लावलं. ती जिना उतरत होती. मुलगी गेली आपल्या हातून, असं मनात सारखं येत होतं, तरी ते वाक्य परत घ्यावं असं तिला एकदाही वाटलं नाही. वर दार पुन्हा उघडलं. मुलगी धाडधाड उतरत आली आणि तिच्या वरच्या पायरीवर थांबली.

"एक वाक्य," ती धापा टाकत म्हणाली, "एक वाक्य बोलता आलं नाही तुला."

"नाही आलं."

"मोडलं लग्न तर?"

"तर माझ्यामुळे मोडलं असं सांग सगळ्यांना. आजारामुळे म्हणू नकोस."

मुलीनं कठड्यावर हात आपटला. ती रडत होती आणि डोळे पुसायची तिला शुद्ध नव्हती. "तिला म्हणालीस, तुम्हाला पुरलं नसतं. तिला म्हणालीस. मला कधी विचारलंस का, की मला पुरेल का?"

कोशबाईनं विचारलं नव्हतं. इतके रविवार ती खाटेवर पुस्तक वाचत पडलेल्या या मुलीकडे बघत आली होती आणि हिला जाणून घ्यायचं नाही, हिला माहीत आहे तेवढं बास आहे, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मुलीनं तोंड उघडायच्या आधी, तिच्या वतीनं, मायेनं. तिला एकदम नवऱ्याचा आवाज आठवला आणि तो आपल्याच गळ्यातून आल्यासारखा वाटला. शरम वाटली. पण समोर उभी असलेली ही लाल नाकाची, हट्टी पोर काय बोलेल ते आता तिला खरंच ठाऊक नव्हतं.

ती पायरीवर बसली आणि शेजारी जागा केली. "पुरेल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मुलगी बसत म्हणाली. "सांग आधी."